आम्ही केलं, त्यातलं मी काय केलं?

कन्सल्टिंगमधल्या नोकरीच्या अर्जाला सीव्ही एका पानाचाच हवा. फोटो नको, जन्मतारीख नको, वडिलांचं नाव नको, खाली ‘वरील माहिती खरी आहे’ म्हणून सही नको. राहुरीला कॉलेजात माझ्या पुढे असलेली आणि आता पुण्यात कन्सल्टिंगमध्ये काम करणारी ताई फोनवर एवढं बोलली आणि माझ्या बायोडाट्यातला बराचसा मजकूर गळाला. आमच्या खर्ड्यात झेरॉक्सच्या दुकानात टाइप करून मिळतो त्या बायोडाट्यात हेच तर असतं! मग लिहायचं काय?

शिक्षण दोन ओळींत संपलं : महात्मा फुले कृषी विद्यापीठ, बी.एस्सी. ॲग्री. पुढे आमच्या शेतकरी उत्पादक कंपनीचा अनुभव. मी लिहिलं होतं, ‘उडीद खरेदी केंद्राचं कामकाज पाहिलं.’ ताईने विचारलं, “पाहिलं म्हणजे काय गं? तू नसतीस तर काय झालं नसतं?”

या प्रश्नाने मी खरंच गोंधळले. केंद्र सगळ्यांनी चालवलं. काट्यावर एक जण, पोती शिवायला बाया, हिशेबाला सचिव. त्यात ‘मी केलं’ कुठून आणायचं? आपल्याकडे असं बोलणाऱ्याला कुणी चांगलं म्हणत नाही, आणि तेही मला पटतं.

वाट सापडली ती गावाच्याच इतिहासात. खर्ड्याची लढाई, मार्च 1795. निजामाविरुद्धचा मराठ्यांचा तो विजय कुणा एकाचा नव्हता. कारस्थान नाना फडणवीसांचं, सेनापतिपद परशुरामभाऊ पटवर्धनांकडे, फौजा शिंदे, होळकर, नागपूरकर भोसल्यांच्याही. तरी प्रत्येकाचा वाटा वेगळा सांगता येतो, आणि तो सांगितल्याने दुसऱ्याचा कमी होत नाही.

मग माझा वाटा शोधला. हमीभावाच्या खरेदीत उडदाचा ओलावा 12 टक्क्यांच्या आत लागतो. शेतकरी भाड्याची गाडी करून पोती आणायचे, माल ओला निघाला की तसेच परत जायचे. मी ओलावा मोजायचं यंत्र घेऊन आदल्या दिवशी वाड्यावस्त्यांवर जाऊन नमुने तपासू लागले. हे माझं होतं.

“फरक किती पडला?” ताईचा पुढचा प्रश्न. कन्सल्टिंगवाल्यांचं कामच ते : दुसऱ्याची अडचण उकलायची आणि काय बदललं ते मोजून दाखवायचं. म्हणून सीव्हीच्या ओळीत अडचण, तुमची कृती आणि परिणाम, तिन्ही लागतात. याचा सगळ्यात चांगला नमुना आमच्याच जामखेड तालुक्यात आहे. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी 1970 मध्ये तिथे ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. तेव्हा हजार जिवंत जन्मांमागे 176 बाळं वर्षाच्या आत दगावत होती. गावच्याच बायकांना आरोग्यसेविका म्हणून शिकवलं आणि पुढे तो आकडा तिसाच्या आत आला. आधीचा आकडा टिपलेला होता म्हणून आज हे छातीठोक सांगता येतं.

माझ्याकडे आधीचा आकडा नव्हता, पण केंद्राची आवक नोंदवही होती. ती पानोपानी चाळली. परत गेलेल्या गाड्या दुसऱ्या हंगामात तिसऱ्या हिश्श्यावर आल्या होत्या. मात्र त्या वर्षी काढणीच्या वेळी पाऊसही कमी होता. मग श्रेय माझं की उन्हाचं? ताई म्हणाली, “आकडा लिही. मुलाखतीत विचारतीलच, तेव्हा पावसाचं आपणहून सांग. त्यांना तेच ऐकायचं असतं.”

ओळ अशी झाली : ‘खरेदीआधी वस्तीवर ओलावा तपासणी सुरू केली, परत जाणाऱ्या गाड्या एक-तृतीयांशावर, त्या हंगामातला कमी पाऊसही एक कारण.’ शेवटचा तुकडा ताईने खोडायला सांगितला होता. मी तो ठेवला. जागा पुरावी म्हणून वक्तृत्व स्पर्धेतलं बक्षीस काढलं आणि अर्ज पाठवला.