सेट

गावी कुणीही भेटलं की पहिला प्रश्न ठरलेला. "मग, झालास का सेट?"

मी हसून विषय बदलतो. सेट पास होऊन चार वर्षं झाली. सहायक प्राध्यापक व्हायला लागणारी राज्याची पात्रता परीक्षा. पात्र आहे, पण जागा निघत नाही. म्हणून तासिका तत्त्वावर इंग्रजी शिकवतो. तास झाला तर पैसे, सुट्टी लागली की बंद.

वर्गात पोरांना सांगतो, 1989 च्या ऑक्सफर्ड इंग्रजी कोशात 'सेट' या क्रियापदाचे 400 हून जास्त अर्थ होते. जेली सेट होते म्हणजे घट्ट होते, सूर्य सेट होतो म्हणजे मावळतो. पुढे 'रन'ने त्याला मागं टाकलं. 2011 मध्ये मोजले तेव्हा त्याचे 645 अर्थ भरले. मागच्या बाकावरून आवाज आला, "म्हणजे सर, पळत राहायचं!" सगळे हसले. मीही हसलो.

बाबा मात्र पाहुण्यांना अभिमानानं सांगतात, "पोराची सेट झालीय."

पाहुण्यांना ऐकू येतं, पोरगा सेट झालाय.

बाबा दुरुस्त करत नाहीत. मीही करत नाही.