लिफ्टमधले जेरुसलेम

बैतुल मुकद्दस आपला पहिला किब्ला. मेराजच्या रात्री प्रेषित मुहम्मद (स.) तिथे गेले. आपण कधी तिथे पाऊल ठेवलेले नसते, तरी सोनेरी घुमटाचे चित्र आपल्या कितीतरी घरांच्या भिंतीवर असते. तो घुमट कुब्बतुस्सखराचा. खलीफा अब्दुल मलिक यांच्या काळात, हिजरी ७२ मध्ये ही वास्तू पूर्ण झाली.

हाच घुमट आम्ही नुकताच एका उंच इमारतीच्या आत पाहिला. लारिसा सन्सूर या पॅलेस्टिनी कलावतीने छायाचित्रे आणि संगणकावर रचलेली काल्पनिक वास्तू एकत्र करून 'नेशन इस्टेट' ही चित्रमालिका तयार केली. २०१२ मध्ये त्याच कल्पनेवर नऊ मिनिटांचा लघुपटही केला. पॅलेस्टाईनने संयुक्त राष्ट्रांकडे सदस्यत्व मागितले त्यानंतरचा हा काळ. कल्पना अशी की जमीन उरलेली नाही, म्हणून अख्खा देश एकाच टॉवरमध्ये राहतो. एकेका शहराला एकेक मजला. तपासणी नाके नाहीत, फक्त लिफ्टचे बटण दाबायचे. जेरुसलेमच्या मजल्यावर दार उघडते आणि समोर पूर्ण आकाराचा घुमट!

आमच्या मुलांना ही युक्ती फार आवडली. दादी मात्र एका चित्रापाशी थांबल्या. त्यात एक स्त्री घरातल्या फरशीत उभ्या असलेल्या जैतूनच्या झाडाला पाणी घालते आहे. दादी म्हणाल्या, "झाड आहे गं, पण याच्यावर पाऊस कधी पडायचा?"

ही इमारत जेरुसलेमच्या बाहेर आहे आणि वरच्या मजल्यांवरून खरा घुमट दिसतो. मोठ्या मुलीने विचारले, "खरा इतका जवळ आहे, मग आत नकली कशाला?"

आम्ही तिला नकाशा दाखवला. बेथलेहेम ते जेरुसलेम अंतर जेमतेम दहा किलोमीटर. पण बेथलेहेमच्या पॅलेस्टिनी माणसाला तिकडे जायचे तर इस्रायली परवाना लागतो. रस्ता बंद झालेल्या माणसाला कुणी हुबेहूब प्रतिकृती देऊ केली, तर त्याने ती घ्यावी का? चित्र हेच विचारते. सगळे काही नवे बांधता येते, पण जमीन आणि आभाळ बांधता येत नाही.

त्या रात्री दुआ मागताना मुलीने आपणहून एक वाक्य वाढवले, "या अल्लाह, तिथल्या झाडांवर पाऊस पाड आणि झाडांच्या मालकांना तिथेच राहू दे."

आम्ही सगळे आमीन म्हणालो.