येत्या शनिवारी

एखाद्या गावाची खुशाली कोठे विचारावी, याविषयी निरनिराळ्या लोकांची निरनिराळी मते आहेत. कोणी म्हणेल पारावर, कोणी म्हणेल पिठाच्या गिरणीत. आणि चहाच्या हॉटेलाचा कैवार घेणारे तर बहुमताने निवडून येतील. या तिन्ही ठिकाणी मी पुष्कळ वेळ घालवला आहे आणि तो वाया गेला असे मुळीच म्हणणार नाही. पण तेथल्या बातम्यांना एक खोड असते. त्या सगळ्या होऊन गेलेल्या गोष्टींच्या असतात. कोणाची म्हैस विकली गेली, कोणाच्या बोअरला पाणी लागले नाही, कोणाची सोयरीक मोडली, कोणाला काल माती दिली. पुढे काय होणार, असे विचारले की पारावरची मंडळी आभाळाकडे पाहतात आणि गप्प बसतात.

म्हणून मी अलीकडे गावाची खुशाली शाळेच्या भिंतीवर वाचतो.

नांदेडहून लातूरला निघाले की लोहा, अहमदपूर, चाकूर अशी मोठी गावे रस्त्यावर लागतात. त्या रस्त्याच्या डाव्या-उजव्या हाताला, बालाघाटाच्या माळांच्या कडेने, लहान लहान गावे विखुरली आहेत. गावाच्या एका टोकाला जिल्हा परिषदेची प्राथमिक शाळा असते. दोन-चार खोल्या, झेंड्याचा कट्टा, एखादा कडुनिंब, आणि व्हरांड्याच्या भिंतीवर काळ्या रंगाने रंगवलेला एक चौकोन. कागदोपत्री त्याला सूचनाफलक म्हणतात. पोरांच्या लेखी तो 'बाहेरचा फळा'. सर्वांत वर वार आणि दिनांक. त्याखाली सुविचार, तो बहुधा परिश्रमाविषयी असतो, आणि लिहिणाऱ्याच्या अक्षरावरूनच ते परिश्रम कळतात. मग रकाने : इयत्ता, पट, हजर. आणि उरलेल्या जागेत, खडूची एक तिरपी रेघ ओढून वेगळा काढलेला मजकूर : 'या आठवड्यातील बातम्या व पुढील कार्यक्रम'.

कंधार तालुक्यातल्या एका शाळेच्या भिंतीवरचा हा मजकूर मी वहीत उतरवून घेतला आहे. तो असा :

'तिसरीच्या वाफ्यातील मेथी उगवली. चौथीच्या मुलांनी शाळेपासून मारुतीच्या देवळापर्यंतचे अंतर मोजले. ते ४१२ पावले भरले. पहिलीच्या मुलांनी मोजले; ते ५९० भरले. मंगळवारी आरोग्य तपासणी आहे. सर्वांनी नखे काढून यावे. गुरुवारी शाळा व्यवस्थापन समितीची सभा, पालकांनी यावे. येत्या शनिवारी बाल आनंद मेळावा होईल. घरून आणलेली भाजी पाच रुपयांपेक्षा जास्त भावाने विकू नये.'

आता मला सांगा, इतके सचोटीचे वार्तापत्र आपल्याकडे किती निघतात? एकाच रस्त्याच्या दोन लांब्या छापून दोन्ही खऱ्या आहेत असे वाचकाला मुकाट्याने सांगायला संपादकाच्या अंगी केवढे औदार्य हवे! शिवाय येथे भाववाढीवर अंकुश आहे, आरोग्य आहे, शेती आहे, सभा आहे. राजधानीच्या पत्रात जे जे असते ते सर्व आहे; फक्त कोणी कोणाला शिव्या दिल्याची वार्ता तेवढी नाही. ती मधल्या सुट्टीत तोंडी मिळते.

हा मजकूर नुसता भिंतीवर राहत नाही. सकाळच्या परिपाठात राष्ट्रगीत, राज्यगीत, प्रतिज्ञा आणि संविधानाची प्रास्ताविका झाली की एखादे पोर पुढे येते, हात मागे बांधते आणि एका श्वासात दिनविशेष व बातम्या म्हणून टाकते. दिल्लीची बातमी आणि मेथीची बातमी यांच्यामध्ये ते श्वाससुद्धा घेत नाही. ऐकणाऱ्यांच्या माना दिल्लीला हलत नाहीत, मेथीला हलतात. शनिवारच्या कार्यक्रमाला तर कवायतीची रांगच मोडते. शनिवारची शाळा सकाळची. त्यात २०२४ साली सरकारने 'आनंददायी शनिवार' आणून पहिली ते आठवीच्या मुलांना त्या दिवशी दप्तर माफ केले. पाठीवरचे ओझे उतरले की शनिवारची वाट पाहायला मान मोकळी होते, एवढे खरे.

पण माझे मन अडकते ते 'येत्या' या शब्दात. शेतकऱ्याच्या तोंडून हा शब्द कधी एकटा निघत नाही. 'येत्या आठवड्यात पेरू, पाऊस पडला तर.' 'येत्या वर्षी पोरीचं उरकू, सोयाबीनला भाव आला तर.' प्रत्येक उद्याच्या शेपटीला एक 'तर' बांधलेला. गावात अशी एकच भिंत आहे की जिच्यावर उद्याची गोष्ट 'तर'वाचून लिहिलेली असते. मेळावा होईल. तपासणी आहे. सर्वांनी यावे. माझ्या मते प्राथमिक शाळा पोरांना जे शिकवते त्यांत पाढे आणि बाराखडी नंतर येतात. आधी ती हे शिकवते की पुढचा आठवडा म्हणून काही असतो, तो येणार असतो आणि त्यात आपले नाव घातलेले असते.

हे शिकवणे या मुलखात नेहमीच सोपे होते असे नाही. हैदराबाद संस्थानात हा भाग होता तेव्हा सभा भरवायची तर सरकारची आगाऊ परवानगी लागे, खासगी शाळा काढायची तरी लागे. म्हणजे 'येत्या शनिवारी सभा होईल' एवढे वाक्य भिंतीवर लिहिणे हेच मुळी धाडस होते. मराठीतून आठवड्याची बातमी वाचायची सोयही अशीच चोरटी. १९३८ साली आ. कृ. वाघमारे यांनी 'मराठवाडा' नावाचे साप्ताहिक काढले ते पुण्याहून; आणि निजाम सरकारने बंदी घातली की ते नवे नाव घेऊन पुन्हा निघे. हिप्परग्याला १९२१ साली राष्ट्रीय शाळा निघाली. तेथे शिकवणारे व्यंकटेश खेडगीकर पुढे संन्यास घेऊन स्वामी रामानंद तीर्थ झाले आणि या मुलखाच्या लढ्याचे पुढारीपण एका शाळामास्तराकडे आले. १७ सप्टेंबर १९४८ ला निजाम शरण आला. म्हणून आमच्या शाळांत २६ जानेवारी, १ मे आणि १५ ऑगस्ट यांच्या जोडीला १७ सप्टेंबरचे झेंडावंदन असते. पुण्या-मुंबईच्या पोराला हे सांगितले की त्याला आमचा हेवा वाटतो. एक झेंडावंदन जास्त म्हणजे खाऊ एकदा जास्त!

शाळेच्या बातम्या लिहून काढण्याची हौस तशी जुनी आहे. १९२४ साली साने गुरुजी अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिक्षक म्हणून आले आणि पुढे वसतिगृहातल्या मुलांसाठी त्यांनी स्वतःच्या हाताने 'छात्रालय' दैनिक लिहायला सुरुवात केली. योगायोग असा की त्याच १९२४ साली फ्रान्सच्या दक्षिणेकडच्या एका खेड्यात सेलेस्तॅं फ्रेने नावाच्या शिक्षकाने वर्गात एक छोटेसे छापयंत्र आणून ठेवले. पोरांनी गावात जे पाहिले ते पोरांनीच जुळवायचे, छापायचे आणि टपालाने दुसऱ्या गावच्या शाळेला धाडायचे. या दोघांनी एकमेकांचे नावही ऐकले नसेल. पण लहान मुलाच्या आठवड्याला वर्तमानपत्राची प्रतिष्ठा द्यावी, हे दोघांनाही सुचले. आमच्या भिंतीवरचा खडूचा मजकूर त्याच कुळातला, जरा गरीब शाखेतला.

गरीब शाखा म्हटले ते पैशामुळे नव्हे. या मुलखाने उद्यावर विश्वास ठेवावा असे दिवस फार दाखवलेले नाहीत. ३० सप्टेंबर १९९३ चा गुरुवार घ्या. गणपती बोळवून माणसे दमून निजली होती. पहाटे चारच्या सुमारास किल्लारीच्या भोवतालची जमीन हलली आणि औसा-उमरगा तालुक्यांतली दगडामातीची घरे हजारो माणसांवर कोसळली. मी पुष्कळदा त्या आठवड्याच्या शनिवारचा विचार करतो. तो होता २ ऑक्टोबर, गांधीजयंती. त्या गावांतल्या शाळांतही शनिवारची तयारी चाललीच असणार. कोणाला दोन मिनिटांचे भाषण पाठ करायला दिले असेल, कोणाला पटांगण झाडायचे काम वाटून दिले असेल, कोणी घरी आईकडे धुतलेल्या सदऱ्याचा लकडा लावला असेल. भिंतीवर 'तर'वाचून लिहिलेले ते वाक्य त्या शनिवारी खोटे ठरले. आणि तरीही पुढे त्याच गावांच्या नव्या वसाहतींत शाळा उभ्या राहिल्या, भिंती रंगवल्या गेल्या, आणि कोणी तरी पहिल्यांदा खडू हातात घेऊन पुढच्या आठवड्याचे काही लिहिले. भाषणे आणि पुतळे पुष्कळ होतात. त्या पहिल्या ओळीचे मोल कोणी केलेले नाही. एप्रिल २०१६ मध्ये लातूरची तहान भागवायला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, तेव्हाही दिनांक रोज बदलत होता.

आता या भिंतीपुढे निराळाच प्रश्न उभा आहे आणि तो त्या दोन रकान्यांत दिसतो : पट आणि हजर. पावसाळ्यात हे दोन आकडे एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून चालतात. दसरा झाला की त्यांच्यात अंतर पडू लागते. मुकादमाकडून उचल घेतलेली जोडपी कोयते घेऊन साखर कारखान्यांच्या रस्त्याला लागतात. कंधार, मुखेड, लोहा, अहमदपूर, जळकोट या बाजूंनी टोळ्या निघतात त्या उन्हाळा तोंडावर आला की परततात. मागे म्हातारी माणसे राहतात. काही लेकरे त्यांच्यापाशी ठेवली जातात. त्यांच्यासाठी हंगामी वसतिगृहाची योजना आहे. बाहेरगावी गेलेल्या मुलाला तेथल्या शाळेत बसता यावे म्हणून शिक्षण हमी पत्रक आहे. पण धाकट्याला फडात सांभाळायला थोरली बहीण लागते, आणि ती थोरली बहीण म्हणजे चौथीतली, अंतर मोजताना सर्वांत पुढे चालणारी. पट ३४, हजर २१. या वजाबाकीला कोणत्याही गणिताच्या पुस्तकात स्थान नाही.

वजाबाकी वाढत गेली की शाळेच्याच उद्याला 'तर' चिकटतो. वीसहून कमी पटाच्या शाळांचे काय करायचे, त्या एकत्र करून समूह शाळा काढाव्या काय, ही चर्चा २०२३ साली पुष्कळ झाली. तिच्यात हिशेबाच्या बाजूने बोलणारे शहाणे आहेत आणि विरुद्ध बोलणारेही शहाणे आहेत. मला त्या शहाण्यांत बसायचे नाही. मी एवढेच पाहतो की शाळा दुसऱ्या गावी गेली तर पोरे कदाचित गाडीने जातील. पण ती भिंत गाडीत बसणार नाही. मग या गावात पुढच्या आठवड्याची बातमी कोण लिहील?

वर सांगितलेल्या शाळेत दोन गुरुजी आहेत. थोरल्या गुरुजींना मी विचारले, 'अर्धे वाचक परगावी गेल्यावर तुम्ही हे रोज इतके निगुतीने लिहिता कोणासाठी?' ते हसले. दर शुक्रवारी ते भिंतीचे छायाचित्र काढतात आणि फडातल्या एका बापाच्या फोनवर पाठवतात. रात्री कोपीपुढे पोरे त्या फोनभोवती जमतात आणि एक जण मोठ्याने वाचतो. मग कधी तरी उलट निरोप येतो. मला त्यांनी एक ऐकवला. बारीक, खरखरीत आवाज. मागे ट्रॅक्टरची घरघर. 'गुरुजी, शनिवारच्या मेळाव्यात माझ्या वाट्याची जागा कुणाला देऊ नका. मी वापस आल्यावर बसते. आन् मेथी खुडली का?'

गुरुजींनी काय केले असेल? पुढच्या सोमवारी बातम्यांत एक ओळ घातली : 'मेथी खुडली. जागा ठेवली आहे.'

त्याच शाळेत एक म्हातारी रोज सकाळी नातवाला सोडायला येते. तिला अक्षर येत नाही. ती भिंतीपाशी थांबते आणि विचारते, 'गुरुजी, माझ्या नातीचं नाव हाय ना अजून पटावर?' गुरुजी पटाच्या रकान्यावर बोट ठेवतात. आकडा तोच असतो. म्हातारी समाधानाने परत फिरते. हजरचा रकाना ती विचारत नाही. तो तिला घरीच ठाऊक असतो.

दिवाळीच्या सुट्टीआधीचा शेवटचा मजकूर या सगळ्या भिंतींवर जवळजवळ एकाच धाटणीचा असतो. फटाके जपून उडवावेत, किल्ला करावा, रोज एक पान शुद्धलेखन लिहावे. आणि त्याखाली, जरा ठळक अक्षरांत, शाळा पुन्हा केव्हा भरेल तो वार आणि ती तारीख, आणि दोन शब्द : 'सर्वांनी यावे.' यंदा तुम्ही सणाला गावी गेलात आणि फराळ झाल्यावर पाय मोकळे करायला बाहेर पडलात, तर शाळेपर्यंत जा. फाटक लावलेले असेल, पण भिंत दिसते. त्या दोन शब्दांतल्या पहिल्या शब्दावर खडू जरा जास्त दाबलेला असतो.