विमानातून उतरल्यावर पुढे काय?

मुलांनो, विमानाचं तिकीट काढलं की घरात सगळे विमानाबद्दलच बोलू लागतात. खिडकीची जागा कुणाला, खायला काय देतात, कान दुखतात का! नागपूरहून मुंबईला विमान साधारण दीड तासात पोचतं. पण उतरल्यावर हॉटेलपर्यंत कसं जायचं, हे कुणी विचारत नाही. तो प्रवास कधी कधी विमानाच्या प्रवासाइतकाच वेळ खातो बरं का!

सगळ्यात आधी तिकीट नीट वाचा. मुंबईला आता दोन विमानतळ आहेत. डिसेंबर 2025 पासून नवी मुंबईच्या विमानतळावरूनही विमानं ये-जा करू लागली. तिकिटावर ‘बीओएम’ लिहिलं असेल तर आपला जुना, छत्रपती शिवाजी महाराज विमानतळ. ‘एनएमआय’ असेल तर खाडीपलीकडचा नवा. आज आपण जुन्यावर उतरूया आणि फोर्टात, हुतात्मा चौकाजवळ एखाद्या साध्याशा हॉटेलात जाऊया. अंतर रस्त्याने सुमारे 25 किलोमीटर.

उतरताना विमान आकाशात घिरट्या घालत राहिलं तर घाबरू नका. इथल्या दोन धावपट्ट्या एकमेकींना फुलीसारख्या छेदतात, म्हणून एका वेळी एकच वापरतात. साहजिकच रांग लागते, आपल्या नळावर लागते तशी!

सामान घेऊन बाहेर आलात की तीन-चार माणसं पुढे येतील. ‘‘टॅक्सी, साहेब? कुठे जायचंय?’’ इथे जरा जपून. आमच्या शेजारची सहावीतली एक मुलगी मागे आई आणि आजीबरोबर गेली होती. आजीचे गुडघे अगदी कामातून गेलेले, दुसऱ्या दिवशी सकाळी मोठ्या डॉक्टरांकडे नंबर लावलेला. पर्समधले पैसे त्याच कामाचे, मोजून आणलेले. दारातच एक गृहस्थ म्हणाले, ‘‘मेट्रो आज बंद आहे, टॅक्सीही मिळणार नाही. तीन हजारांत सोडतो.’’ आई गोंधळली. गडी बॅग उचलायलाही लागला! पण पोरीने घरूनच वहीच्या पानावर सगळं लिहून आणलं होतं. ती म्हणाली, ‘‘काका, बॅग खाली ठेवा. आम्ही आतल्या खिडकीवर विचारतो.’’ आतल्या प्रीपेड टॅक्सीच्या खिडकीवर त्यांना पावती मिळाली, त्याच्या निम्म्याहून कितीतरी कमी पैशांत. आणि मेट्रोही चालूच होती.

प्रीपेड म्हणजे भाडं आधीच भरायचं. पावतीवरचा नंबर आणि गाडीचा नंबर जुळतो का, ते तुम्ही बघा. मोठी माणसं सामानात गुंतलेली असतात. पावती चालकाला द्यायची ती हॉटेलच्या दारात उतरल्यावरच.

रिक्षा करू म्हणाल तर ती फोर्टात येणारच नाही. पश्चिमेकडे वांद्र्याच्या आणि पूर्वेकडे शीवच्या पुढे, दक्षिण मुंबईत रिक्षांना बंदी आहे. नागपूर-पुण्याच्या मुलांना हे खरंच वाटत नाही.

आता मेट्रोची गंमत. आरे ते कफ परेड ही 33.5 किलोमीटरची मार्गिका ऑक्टोबर 2025 मध्ये पूर्ण सुरू झाली. तिची 27 स्थानकं आहेत आणि त्यांतली 26 जमिनीखाली! एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतचं भाडं सुरू झालं तेव्हा 70 रुपये होतं. टर्मिनल 2 च्या स्थानकात बसलात की हुतात्मा चौक एकोणिसावं स्थानक. वांद्रे-कुर्ला संकुल आणि धारावी यांच्यामध्ये गाडी मिठी नदीच्या खालून जाते. वर नदी आणि खाली आपण! खिडकीतून मात्र काळोखाशिवाय काही दिसत नाही, तेव्हा स्थानकांची नावंच वाचत चला. आचार्य अत्रे चौक येतो. जगन्नाथ शंकरशेट येतं. 1853 साली बोरीबंदर ते ठाणे आगगाडी धावली, तिच्यासाठी झटलेले हे नाना. गिरगाव, काळबादेवी आली की लक्षात ठेवा, ही स्थानकं बांधायला तिथल्या जुन्या इमारतींमधल्या काही कुटुंबांना घरं सोडावी लागली होती. आणि मग हुतात्मा चौक, संयुक्त महाराष्ट्रासाठी प्राण दिलेल्यांच्या स्मारकाचा. इतिहासाचा अर्धा धडा फुकटात!

मग त्या मुलीने मेट्रो का नाही घेतली? आजीमुळे. विमानतळाच्या दारापासून स्थानकापर्यंत चालायचं, फलाटावर उतरायचं, मग बाहेर येऊन पुन्हा बॅगा ओढत हॉटेल शोधायचं. सरकते जिने आणि लिफ्ट आहेत, पण दुखऱ्या गुडघ्यांना चालणं चुकत नाही. तुम्ही धडधाकट असाल, सामान पाठीवर मावत असेल, तर मात्र मेट्रोच बरी. वर रस्त्यावर गाड्यांची रांग लागलेली असते तेव्हा तर नक्कीच. रात्री उशिरा विमान पोचणार असेल तर शेवटची गाडी आधी विचारून ठेवा. साडेदहाच्या सुमाराला ती सुटून जाते.

हॉटेलात पोचलात की ओळखपत्रं मागतील. मोठ्यांची तर हवीतच, तुमचं शाळेचं ओळखपत्रही दप्तरातून काढून आणा. आणि खोली? पुष्कळ हॉटेलांत ती दुपारी बारानंतर मिळते. सकाळी नऊला पोचलात तर तोंड पाडून सोफ्यावर बसू नका. बॅगा काउंटरवर ठेवायला सांगा, त्याची चिठ्ठी घ्या, आणि कुठेतरी गरम चहा-बनमस्का खाऊन या. छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय तिथून चालत दहा-पंधरा मिनिटांवर आहे. आजी सोफ्यावर पाय लांब करून बसेल. तिला पाण्याची बाटली देऊन जा.