देव बरें करूं

गोव्यातील ख्रिस्ती माणूस कोणाचे आभार मानताना ‘देव बरें करूं’ असे म्हणतो. वाण्याने सुटे पैसे परत दिले तरी हेच, आणि वैद्याने मरणाच्या दारातून ओढून आणले तरी हेच. माझी मातृभाषा कोंकणी; त्यामुळे हे शब्द जिभेवर इतके रुळले होते की त्यांच्या अर्थाकडे पाहण्याचे मला कधी सुचलेच नाही. पुढे इंदुरास येऊन मराठी शिकवू लागले. एके दिवशी फळ्यावर ‘बरा’ या विशेषणाचे अर्थ लिहिताना ध्यानात आले की जो चांगला तो बरा, आणि जो आजारातून उठला तोही बराच. म्हणजे आम्ही गोवेकर दिवसातून दहा वेळा एकमेकांच्या आरोग्याचीच प्रार्थना करीत असतो! (१६१६ साली रायतूर येथे फादर स्टीफन्स यांचे ‘क्रिस्तपुराण’ मराठी ओवीत छापले गेले, तेव्हा या दोन भाषांमधील माझी ये-जा काही नवी नव्हे.)

माझा थोरला भाऊ दहा वर्षांपूर्वी रस्त्यावरील अपघातात गेला. मालमोटार हाकणारा मद्य प्यालेला होता. त्याला शिक्षा झाली, ती आम्हांस फारच थोडी वाटली.

आमच्याकडे नाताळात दोदोल करतात. तांदळाचे पीठ, नारळाचे दूध आणि माडाचा गूळ मोठ्या भांड्यात घालून मंद आचेवर तासन् तास ढवळावे लागते. हात थांबला की तळ लागला! हे काम माझ्या भावाचे. तो गेला त्या वर्षी ते भांडे फळीवर चढले, ते पुन्हा उतरले नाही. काळाबरोबर शोक ओसरतो म्हणतात. माझाही ओसरला, परंतु त्याने रिकामी केलेली जागा रागाने घेतली. मी मिस्सेला जात असे, मुलांना नाताळची गीते शिकवीत असे. पण प्रभूच्या प्रार्थनेत अपराध्यांना क्षमा करण्याचे वाक्य आले की माझे ओठ मिटत.

गेल्या वर्षी डिसेंबरात मी देवास जिल्ह्यातील उदयनगरला गेले. तेथे सिस्टर राणी मारिया यांची समाधी आहे. केरळात १९५४ साली जन्मलेल्या या संन्यासिनीने तेथील भूमिहीन आदिवासींना संघटित केले, सावकाराच्या पाशातून सुटण्याची वाट दाखविली. ज्यांचे हित दुखावले त्यांना हे रुचले नाही. २५ फेब्रुवारी १९९५ रोजी इंदूरकडे येणाऱ्या बसवर, उतारूंच्या देखत, समंदरसिंह नावाच्या तरुणाने सुऱ्याने वार करून त्यांचा प्राण घेतला. तो जन्मठेप भोगत असता स्वामी सदानंद या नावाने वावरणारे एक ख्रिस्ती धर्मगुरू त्याला कारागृहात भेटत राहिले. अखेर २००२ साली राणी मारियांची सख्खी धाकटी बहीण, सिस्टर सेल्मी पॉल, तेथे गेली आणि तिने त्याच हाताला राखी बांधली. २००६ साली तो सुटला. त्याच्या सुटकेसाठी रदबदली करणाऱ्यांत ते कुटुंबच होते. ४ नोव्हेंबर २०१७ रोजी आपल्या इंदुरातच राणी मारियांना ‘धन्य’ घोषित करण्यात आले.

ही कथा ऐकणाऱ्यांचे डोळे राखीपाशी पाणावतात. मला मात्र मधली सात वर्षे दिसली. सात नाताळ! त्या रात्री त्या घरी मेजावर कोणाची जागा रिकामी राहिली असेल, कोणाचा घास घशात अडकला असेल? तत्काळ क्षमा करणाऱ्या थोर माणसांविषयी वाचले की मला फार परके वाटे. सात वर्षे लागलेल्या या माणसांशेजारी मात्र मला बसता आले.

नाताळच्या मध्यरात्री लाल चर्चमध्ये मी गव्हाणीपुढे गुडघे टेकले. उतारशाळेत जागा मिळाली नाही म्हणून ते बालक गुरांच्या गोठ्यात निजले. मन झाडून पुसून मगच त्याच्यापुढे यावे, अशी अट तेथे कोणी मेंढपाळांना घातलेली नाही. मीही राग होता तसाच घेऊन गेले होते. त्या चालकाचे नाव न्यायालयाच्या कागदांत वाचलेले. नऊ वर्षांत कधी उच्चारले नव्हते. ते हळूच उच्चारले आणि पुढे आमचे तीन शब्द जोडले, देव बरें करूं. ते त्याच्यासाठी होते की माझ्यासाठी, हे मला नीट सांगता येणार नाही. आभाळ काही उघडले नाही. प्रार्थना शेवटपर्यंत म्हणता आली, इतकेच. भावाची आठवण आली की अजूनही घसा दाटतो. परंतु पूर्वी मला केवळ तो रस्ता आठवत असे, आता त्याचे हसणेही आठवते.

घरी येऊन मी मांयला दूरध्वनी केला. तिने सारे ऐकून घेतले आणि बऱ्याच वेळाने म्हणाली, “व्हडलें आयदन अजून आसा गो. फुडल्या नाताळाक दोदोल करूंया?”

या वर्षी ती ते भांडे घेऊन इंदुरास येत आहे. माडाचा गूळही तीच आणणार. तांदूळ मी दळून ठेवले आहेत. ढवळण्यासाठी नववीतील दोन दणकट विद्यार्थ्यांनी आपण होऊन नावे दिली आहेत.