आठ पायांची चिप

आमगावहून सकाळच्या पॅसेंजरने गोंदियाला माझ्या दुरुस्तीच्या दुकानात एक मुलगा आला. सीपीयू तांदळाच्या कट्ट्यात, कट्ट्याचे तोंड सुतळीने बांधलेले. ऑनलाइन कामाचे केंद्र चालवतो. सातबारा, पीकविमा, दाखले, सगळे याच एका मशीनवर. "बोर्ड गेला का जी?" हा पहिला प्रश्न. पंखा फिरतो, दिवा लागतो, डिस्प्ले नाही. स्क्रीनवर अपडेटची सूचना आली म्हणून त्याने होय दाबले, पट्टी निम्म्यावर आली आणि लाइन गेली. केंद्रात इन्व्हर्टर होता, पण या मशीनचा प्लग त्यावर नव्हता. प्रिंटरचा होता.

*

बोर्ड गेलेला नसतो. गेलेले असते ते नखाएवढ्या चिपमधले लिखाण, म्हणजे बायॉस. चिपला आठ पाय, बहुतेक वेळा पोटात 8 किंवा 16 मेगाबाइट. बटण दाबल्यावर प्रोसेसर पहिले वाक्य इथून वाचतो. रॅम कुठे, किती, कीबोर्ड आहे का, डिस्क कोणती, हे सगळे ठरते आणि मग विंडोजची पाळी येते. घरातली बाई सगळ्यांच्या आधी उठून चूल पेटवते, तिचे नाव कुणी घेत नाही. ती आजारी पडली की सगळे घर उपाशी. बायॉसचे तसेच.

गिऱ्हाइकाला एवढे सांगितले की तो विचारतो, "म्हणजे विंडोज मारून होईल ना?" नाही होणार. विंडोज मारायला आधी पेनड्राइव्ह वाचला पाहिजे, आणि पेनड्राइव्ह वाचायला शिकवणारेच पुसले गेले आहे.

*

पूर्वी हे लिखाण घरी पुसताच येत नसे. एप्रॉम चिपच्या पाठीवर काचेची खिडकी असायची. अल्ट्राव्हायोलेट दिव्याखाली ठेवली की पुसली जायची, म्हणून एरवी खिडकीवर स्टिकर. नंतर फ्लॅश मेमरी आली आणि घरच्या मशीनवरच बायॉस नवा करता येऊ लागला. जे घरी लिहिता येते ते घरी बिघडवताही येते. तैवानच्या चेन इंग-हाऊ या विद्यार्थ्याचा सीआयएच व्हायरस 26 एप्रिल 1999 ला जगभर उसळला, तो डिस्क तर उडवायचाच, जमेल तिथे बायॉसही. चेर्नोबिल दुर्घटनेची तारीख तीच म्हणून लोक त्याला चेर्नोबिल म्हणू लागले. पाचच दिवसांनी, 1 मे 1999 ला, भंडाऱ्यातून गोंदिया जिल्हा वेगळा झाला. दोन गोष्टींचा काही संबंध नाही. तरी तारखा शेजारी लिहून ठेवल्या आहेत.

*

गिऱ्हाईक विचारते, अपडेट करू का? मी उलट विचारतो, कशासाठी? "नवीन आले म्हणून" हे कारण मी धरत नाही. चालते मशीन चालू द्यावे.

पण कारण असते तेव्हा असते. 2019 मध्ये तिसऱ्या पिढीचे रायझन आले. जुन्या बोर्डात बसायचे बरोबर, पण जुन्या बायॉसला ओळखू यायचे नाहीत. नवा प्रोसेसर परत करायला आलेली माणसे मी बायॉस बदलून घरी पाठवली. 2024 मध्ये इंटेलच्या 13 व्या आणि 14 व्या पिढीच्या काही डेस्कटॉप प्रोसेसरना गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज जात होते. त्याचा इलाज, नवा मायक्रोकोड, ऑगस्टपासून बायॉसच्या अपडेटमधूनच आला. तिथे थांबणे म्हणजे प्रोसेसर घालवणे. सिक्युअर बूटची 2011 ची प्रमाणपत्रे आहेत, त्यांची मुदत जून 2026 पासून संपते. त्यासाठीही काही बोर्डांना नवे फर्मवेअर लागते.

आणि विंडोज 10 चा आधार 14 ऑक्टोबर 2025 ला संपल्यापासून "विंडोज 11 घालताना टीपीएम नाही म्हणते" ही तक्रार घेऊन जे येतात, त्यांच्यातल्या बऱ्याच जणांना अपडेट लागतच नाही. बायॉसमध्ये ते बंद असते. चालू करायचे, झाले. दहा मिनिटांचे काम, पैसे घ्यायला लाज वाटते. घेतो.

*

अपडेटला पाच-सात मिनिटे लागतात. आमच्याकडे त्या सात मिनिटांची खात्री कोणत्या महिन्यात द्यायची? मे महिन्यात दुपारी वादळ. जूनमध्ये पऱ्हे टाकायच्या दिवसांत विजा. उन्हाळी धानाचे पंप सुरू झाले की व्होल्टेज पडते, बल्ब लाल होतो. मी सकाळी सातच्या सुमाराला करतो, आभाळ बघून. हसणारे हसतात.

इन्व्हर्टरवर भरवसा ठेवणाऱ्यांसाठी: बऱ्याच घरगुती इन्व्हर्टरच्या मागे एक लहान खटका असतो, त्यावर यूपीएस लिहिलेले. तो तिकडे नसेल तर लाइन गेल्यावर बल्ब नुसता मिचकावतो, पण तेवढ्यात कॉम्प्युटर बंद होऊन परत सुरू होतो. बायॉसला तो मिचकावाही पुरतो. टेबलाखालच्या यूपीएसची बॅटरी तीन वर्षे जुनी असेल तर आधी प्लग काढून बघा, मशीन पाच मिनिटे टिकते का. अपडेट चालू असताना ही परीक्षा घेऊ नका.

*

बोर्डावर मॉडेल छापलेले असते, त्याच्या जवळच कुठेतरी बारीक अक्षरात रिव्हिजन. 1.0 ची बायॉस फाइल 2.0 ला चालेलच असे नाही. बॉक्सवरचे वाचू नका, बोर्डावरचे वाचा, टॉर्च घेऊन.

पेनड्राइव्ह फॅट32. जुन्या सेटिंगचा मोबाइलवर फोटो, विशेषतः डिस्कचा मोड एएचसीआय आहे की रेड. अपडेटनंतर सगळे मूळपदावर जाते, मोड बदलतो, विंडोज उठत नाही, आणि माणूस म्हणतो अपडेट फसले. फसलेले नसते.

बिटलॉकर चालू असेल तर आधी तो थांबवून ठेवा. नाहीतर नंतर 48 अंकी किल्ली मागतो, ती बहुधा मायक्रोसॉफ्टच्या खात्यात असते. खाते कुणी काढले होते? भाच्याने. भाचा कुठे? पुण्याला. त्याचा नंबर? बदलला.

*

स्क्रीन काळी झाली की लगेच बटण दाबून धरणारे हात मी फार पाहिले. थांबा. डीडीआर5 रॅमचे बोर्ड बायॉस बदलल्यावर पहिल्यांदा रॅमची चाचपणी करत काही मिनिटे गप्प बसतात. लाइन गेली म्हणून जेवढे बोर्ड बिघडतात, त्यापेक्षा घाईने कमी बिघडत नसतील.

गोल सेल काढून परत घालणे हा सगळ्यांना माहीत असलेला उपाय. त्याने सेटिंग पुसते, पुसलेला प्रोग्रॅम परत येत नाही. करून बघायला हरकत नाही.

गिगाबाइट कंपनीच्या काही बोर्डांवर बायॉसच्या दोन चिप असतात. एक मेली की दुसरीवरून उठतो, स्वतःच पहिलीला दुरुस्त करतो. पहिल्यांदा हे झाले तेव्हा मी चहा प्यायला गेलो होतो आणि परत येईतो मशीन चालू. गिऱ्हाइकाला वाटले मी केले. एसुसच्या बऱ्याच बोर्डांवर मागे फ्लॅशबॅकचे बटण असते: प्रोसेसर नको, रॅम नको, नुसता एसएमपीएस जोडायचा, ठरलेल्या नावाची फाइल ठरलेल्या यूएसबी खाचेत. दिवा मिचकावत राहतो, थांबला की झाले. नाव एका अक्षराने चुकले तर होत नाही.

जुन्या अवॉर्ड बायॉसच्या बोर्डांत बूट ब्लॉक वाचला असेल तर तो फ्लॉपी शोधायचा. अंधारातच, डिस्प्लेशिवाय, फक्त ड्राइव्हचा घर्र आवाज. तो आवाज आला की जीव भांड्यात पडायचा. एक फ्लॉपी ड्राइव्ह अजून कपाटात आहे.

*

अमेरिकन मेगाट्रेंड्स हे बायॉस करणाऱ्या कंपनीचे नाव काळ्या स्क्रीनवर इतकी वर्षे बघून मला वाटायचे, कोणी गोरा असेल. कंपनी 1985 मध्ये अमेरिकेत काढली ती सुब्रमण्यन शंकर आणि पॅट सरमा यांनी.

*

आमगावच्या बोर्डाला ना दुसरी चिप, ना बटण. मग प्रोग्रॅमर. सीएच341ए नावाची काळी पट्टी, यूएसबीची, आणि चिपला चावणारा चिमटा. चिमट्याची लाल वायर पहिल्या पायावर, चिपवर ठिपका असतो त्या बाजूला. चिप बहुधा 3.3 व्होल्टची, पण काही 1.8 ची असतात, त्यांना वेगळा अडॅप्टर. नंबर वाचल्याशिवाय लावू नये. या काळ्या पट्टीच्या बऱ्याच नगांत डेटाच्या तारांवर 5 व्होल्ट येतात. मी माझी तार कापून सुधारून घेतली आहे.

आधी वाचायचे, लिहायचे नाही. दोनदा वाचायचे, दोन्ही फाइली ताडून बघायच्या. जुळल्या नाहीत तर चिमटा नीट बसलेला नाही.

दोन्ही जुळल्या. फाइल उघडली. सुरुवातीला लिखाण, मग अर्ध्यापुढे एफएफ एफएफ एफएफ, पानेच्या पाने. फ्लॅश पुसली की सगळीकडे एफएफ होते. अपडेट आधी पुसते, मग लिहिते, आणि लाइन गेली ती या दोघांच्या मध्ये. चिखलणी झालेली, रोवणी न झालेली बांधी.

कंपनीची फाइल उतरवली. चिप 16 मेगाबाइटची, म्हणजे फाइल बरोबर 16,777,216 बाइट हवी. एसुसच्या काही फाइलींना पुढे 2,048 बाइटांचे शेपूट लागलेले असते (पुढे आहे, तरी मी शेपूटच म्हणतो), ते कापावे लागते. याची फाइल नेमकी निघाली.

*

इथे माझी एक चूक नोंदवतो. काही वर्षांपूर्वी एका ब्रँडेड डेस्कटॉपची बिघडलेली चिप मी न वाचताच पुसली. नवी फाइल लिहिली, मशीन उठले, मालक खूश. आठवड्याने परत आला. अशा मशीनचा सीरियल नंबर आणि विंडोजची किल्ली त्याच चिपमध्ये असते. मी ती धुऊन टाकली होती. विंडोजचे पैसे मी भरले. बिघडलेल्या चिपमध्येही वाचवण्यासारखे असते, हे तेव्हापासून पाठ.

म्हणून आमगावच्या चिपमधून वाचले तेवढे वेगळे ठेवले, सीरियल नंबरची जागा शोधून नव्या फाइलीत बसवली. पुसले, लिहिले, पडताळले. चिमटा काढला, रॅम घातली. चाळीसेक सेकंद काही नाही. मुलगा माझ्याकडे, मी स्क्रीनकडे. मग बीप.

*

"नागपूरला दाखवले तर नवा बोर्ड घ्या म्हणाले," हे मुलाने बीप वाजल्यावर सांगितले. गोंदियाहून नागपूर रेल्वेने सुमारे 130 किलोमीटर. जाण्यायेण्यात त्याचा एक दिवस गेला होता.

*

आता चालता बोर्ड दुरुस्तीला आला तरी मी आधी त्याची चिप वाचून ठेवतो. त्याचे पैसे लावत नाही. डब्यात पेनड्राइव्ह आहेत, प्रत्येकाला गावाचे नाव आणि तारीख चिकटवलेली. आमगाव, देवरी, सालेकसा, तिरोडा. अर्जुनी मोरगावचे दोन आहेत.