माइनकाठचा कारभारी

भारतातून कुणाचे आईबाबा, सासूसासरे आले की त्यांना फ्रांकफुर्ट दाखवण्याचा आपला सगळ्यांचा रस्ता एकच. ऱ्योमरबेर्गवर लाकडी चौकटीच्या घरांसमोर फोटो, मग पादचारी पुलावरून माइन ओलांडायची, पलीकडे झाडांखाली बसून घरून आणलेले ठेपले खायचे. या उन्हाळ्यात माझे सासरे आले होते. त्यांची सगळी नोकरी नगरपालिकेत गेली, त्यामुळे त्यांचं लक्ष फोटोंपेक्षा गटारांच्या झाकणांवर जास्त. "अगं, ही घरं पाचशे वर्षांची वाटत नाहीत," ते म्हणाले. नाहीतच. १९४४च्या मार्चमधल्या बॉम्बहल्ल्यांत जुनं शहर बेचिराख झालं. ही रांग १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला पुन्हा उभारली. म्हणजे माझ्याहून थोडीच मोठी.

पुलाची गोष्ट मात्र त्यांना फार आवडली. शहर पैसे देईना, तेव्हा नागरिकांनीच वर्गणी काढून १८६९मध्ये तो बांधला आणि खर्च टोल घेऊन वसूल केला. "टोल नंतर बंद झाला?" हा त्यांचा पहिला प्रश्न. झाला, म्हटल्यावर त्यांनी पुलाकडे नव्या आदराने पाहिलं.

पलीकडच्या काठावर एकामागून एक संग्रहालयं आहेत. ती तिथे कशी आली, हे आपण सहसा सांगत नाही. त्यामागे हिल्मार होफमन नावाचे गृहस्थ होते. १९७० ते १९९० अशी सलग वीस वर्षं ते फ्रांकफुर्टचं सांस्कृतिक खातं सांभाळत होते. इथे नगरप्रतिनिधी असे खातेप्रमुख निवडतात. आपल्या भाषेत सांगायचं तर शहरापुरता मंत्री. ते समाजवादी पक्षाचे. १९७७मध्ये सत्ता विरोधी पक्षाकडे गेली, वाल्टर वालमन महापौर झाले, तरी होफमन खुर्चीवर राहिले. सासऱ्यांनी इथे मला थांबवून खात्री करून घेतली. पक्ष न बदलता? हो, न बदलता.

तेव्हाचं फ्रांकफुर्ट म्हणजे बँका, विमानतळ आणि काँक्रीट. जुन्या ऑपेराचा सांगाडा युद्धानंतर कित्येक वर्षं तसाच उभा होता. पुढे महापौर झालेल्या रूडी आर्न्ट यांनी १९६५मध्ये तो सुरुंगाने उडवायची भाषा केली आणि जन्मभर 'डायनामाइट रूडी' हे नाव कमावलं. नागरिकांनी देणग्या जमवल्या, पालिका पुढे आली आणि १९८१मध्ये इमारत पुन्हा उघडली.

होफमन यांचा हट्ट असा की संस्कृती सर्वांसाठी. याच नावाचं त्यांचं पुस्तक १९७९मध्ये आलं. त्यांनी पालिकेचं चित्रपटगृह काढलं तेव्हा खासगी चित्रपटगृहवाले कोर्टात गेले आणि हरले. माइनकाठच्या जुन्या हवेल्या पाडून कचेऱ्या उभ्या राहायच्या, त्याऐवजी हवेल्या राखून तिथे संग्रहालयं आणायचं ठरलं. १९८४मध्ये वास्तुकलेचं आणि चित्रपटाचं, १९८५मध्ये रिचर्ड मायर यांनी मेट्सलर हवेलीच्या शेजारी बांधलेलं पांढरंशुभ्र हस्तकलेचं. अलीकडच्या काठावर ज्यू संग्रहालय ९ नोव्हेंबर १९८८ला उघडलं, ज्यूंची दुकानं आणि सिनेगॉग जाळल्याच्या रात्रीला बरोबर पन्नास वर्षं झाली तेव्हा. पुढे होफमन ग्योटे इन्स्टिट्यूटचे अध्यक्ष झाले. म्हणजे पुण्यात मॅक्सम्युलर भवनात मी 'डेर, डी, डास' घोकत होते ती संस्था काही वर्षं त्यांच्याच हाताखाली होती.

सगळंच गोड नव्हतं. १९७२मध्ये ऐतिहासिक संग्रहालयाची नवी इमारत उघडली तेव्हा वस्तू थोड्या आणि माहितीचे फलक फार, असा ओरडा झाला. हे डाव्यांचं पाठ्यपुस्तक आहे असंही म्हटलं गेलं. मी शिकवत असताना मुलांना भायखळ्याच्या भाऊ दाजी लाड संग्रहालयात न्यायचे. तेही महापालिकेचंच. मुलं फलक वाचत नाहीत, हे मी शपथेवर सांगेन.

ती काँक्रीटची इमारत २०११मध्ये पाडली आणि २०१७मध्ये तिथे नवी झाली. वरच्या मजल्यावर आजचं शहर आहे. 'श्टाटलाबोर' या उपक्रमात प्रदर्शनं रहिवाशांना बरोबर घेऊन मांडतात, त्यांच्याच वस्तूंनी, त्यांच्याच शब्दांत. इथे मी जरा अडखळते. युरोपीय संघाच्या नागरिकांना इथे पालिकेसाठी मत देता येतं. भारतीय पासपोर्टवाल्यांना नाही. परदेशी रहिवाशांच्या सल्लागार मंडळासाठी मत देता येतं, पण पूल बांधायचा की पाडायचा हे ते मंडळ ठरवत नाही. आमचा कर चालतो, आमची आठवण संग्रहात चालते, मत चालत नाही. पासपोर्ट बदलावा का, यावर आमच्या घरात दर दिवाळीत चर्चा होते आणि फराळ संपला की तीही संपते. सासऱ्यांचं मत स्पष्ट: "ज्या गावचं पाणी पितेस, तिथे मत हवंच." नवरा गप्प.

त्याच मजल्यावर शहराची एक मोठी प्रतिकृती आहे. लोकांना विचारून, त्यांना आपलं शहर कसं वाटतं त्यावरून, टाकाऊ वस्तूंतून बनवलेली. सासरे आणि माझी सात वर्षांची मुलगी आमची इमारत शोधत बराच वेळ फिरले. ती अर्थातच नव्हती. "इथे यायला हवी," मुलगी म्हणाली आणि काठाबाहेरच्या मोकळ्या फरशीवर पाय ठेवून उभी राहिली. सासऱ्यांनी चष्मा पुसला आणि तिला विचारलं, तिथे पाण्याची लाइन कुठून आणायची.